अक्काचा अंगठा

माझे मोठे दीर आबाराव यांचं नाव निघालं की आजही माझ्या तोंडाची चव जाते. पण मी हे त्यांच्याबद्दल लिहीत नाही. माझी मोठी जाऊ सारजाबाई, तिला मी अक्का म्हणायचे, तिच्याबद्दल लिहिते आहे. तिची गोष्ट सांगायला बसलं की तो माणूस मध्येमध्ये येतोच, त्याला माझा इलाज नाही.

अक्का सास्तूरची. लग्न होऊन तामलवाडीच्या पुढच्या आमच्या गावी आली तेव्हा तिच्या परकराच्या ओच्यात गजगे होते, खेळायचे. सासूबाईंनी ते काढून घेतले आणि चुलीत टाकले. कसे तडतड उडाले ते अक्का मला हसून सांगायची. मला काही हसू यायचं नाही. त्यानंतर तिच्या हातात खेळण्यासारखं काही आलंच नाही, आलं ते काम. तिच्या भाकरी थापण्याचा आवाज वेशीपर्यंत जायचा. म्हशीची धार ती अंगठा मुडपून काढायची, चरवीत फेस उभा राहायचा. दुसऱ्या कुणी हात लावला तर म्हैस पान्हा सोडायची नाही.

गावात दूध संस्था निघाली तेव्हा माणशी एक म्हैस मिळत होती. आबारावांनी, म्हणजे आमच्या भावजींनी, स्वतःच्या नावावर एक घेतली आणि एक अक्काच्या नावावर. अक्का कागदोपत्री सभासद झाली. पुरुषाचा डावा आणि बाईचा उजवा अंगठा अशी संस्थेच्या सेक्रेटरीची रीत होती, त्याप्रमाणे तिचा उजवा अंगठा त्या कागदावर उमटला. धार अक्का काढायची, कॅन माझे यजमान महारुद्र पोचवायचे आणि भावजी मीटिंग घ्यायचे.

मीटिंग हा भावजींचा धर्म होता. संस्थेत कुठलाही विषय आला की ते तंबाखू मळत म्हणायचे, "थांबल्यानं काय बिघडतंय? वस्तू काय पळून चाललीय का?" आणि विषय तहकूब व्हायचा. ही खोड त्यांनी घरातही आणली. पाळणा दुरुस्त करायचा, मीटिंग. न्हाणीवर पत्रा टाकायचा, मीटिंग. बाजेवर बसून ते खरंच विचारायचे, सूचक कोण, अनुमोदक कोण. मी धाकटी, भासऱ्यापुढं डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही आणि तोंड उघडायचं नाही, अशी आमच्याकडची चाल. त्यामुळं मला जे म्हणायचं असेल ते मी भांड्यांना ऐकवायचे. त्या घरातल्या पितळी तांब्यानं माझ्या तोंडून जे ऐकलंय ते कुणी माणसानं ऐकलं नसेल.

एक मात्र सांगितलं पाहिजे. मोटारसायकल एका दुपारी घरी आली. संस्थेतल्या विरोधी पार्टीच्या पुढाऱ्यानं घेतली म्हणून भावजींनी घेतली. तिला सूचक लागला नाही की अनुमोदक लागला नाही.

शहाऐंशीचा दुष्काळ होता तो. विहिरी तळाला गेल्या होत्या, टँकर आला की बायका घागरी घेऊन एकमेकींच्या अंगावर पडायच्या. प्यायला पाणी नव्हतं, पण संस्थेच्या दुधात घालायला होतं. ते कुठून यायचं हे सगळ्या गावाला माहीत होतं आणि भावजींना जास्त माहीत होतं. आषाढात एका सकाळी अक्का धार काढता काढता कलंडली. उजवं अंग गेलं. चरवी लवंडून दूध शेणात चाललं होतं. भावजी धावत आले, त्यांनी आधी चरवी सरळ केली आणि मग बायकोकडं बघितलं. मी दारात उभी होते, माझ्या डोळ्यांनी पाहिलं. त्या दिवसापासून त्या माणसाचं ताट मी लांबूनच सरकवायचे.

अक्काला सोलापूरला दवाखान्यात ठेवलं. पाय हळूहळू टेकवायला लागली, बोलणं जड झालं तरी समजायचं. उजवा हात मात्र मांडीवर पडून असायचा. डॉक्टरांनी रबरी चेंडू दाबायला दिला. अक्का त्याच्याकडं बघायची, ओठ घट्ट मिटायची, कपाळावर घाम यायचा आणि बोट हलायचं नाही. मग रडायची. म्हणायची, "तारे, आपल्याच हाताला हुकूम करावा लागतोय गं. त्यो ऐकत न्हाय."

शेजारच्या खाटेवर उमरग्याकडची चन्नम्मा होती. जिन्यावरून पडून पाय प्लास्टरमध्ये घातलेला, जाडजूड, हसरी बाई. तिचा मुलगा दुबईला होता, त्यानं तिला एक खेळणं पाठवलं होतं. साबणाच्या वडीएवढा डबा, वर काच, दोन बाजूंना दोन बटणं, घड्याळाच्या सेलवर चालणारा. गेम म्हणायची ती त्याला. काचेत एक बुटका माणूस टोपली घेऊन उभा. वरच्या झाडावरून फळं पडायची. डावं बटण दाबलं की तो डावीकडं सरकायचा, उजवं दाबलं की उजवीकडं. फळ टोपलीत पडलं की टिक व्हायचं आणि खाली पडलं की टूंऽ असा रडका आवाज. पन्नाशीची बाई दिवसभर ते खेळायची आणि टूं झालं की कानडीत शिव्या द्यायची.

एकदा तिनं तो डबा अक्काच्या मांडीवर ठेवला. "तगो अक्का, तगो. घ्या, बघा की खेळून."

अक्कानं डावा अंगठा डाव्या बटणावर ठेवला. उजवा मी उचलून उजव्या बटणावर ठेवला. डावीकडची फळं तिनं झेलली. उजवीकडची पडली. पुन्हा पडली. टूं, टूं चाललेलं. आणि मग अक्का ओरडली, "पडलं, पडलं, आगं!" आणि तिचा उजवा अंगठा हलला. थोडासाच, पण बटण दाबलं गेलं. माणूस उजवीकडं सरकला आणि टिक झालं. हाताला हुकूम करायचं ती विसरली होती. तिला नुसतं ते फळ पडू द्यायचं नव्हतं.

ती हसली. अर्धं तोंड हसलं, पण गजग्यांची गोष्ट सांगताना हसायची तसं नाही, खरं हसली. मी पदर तोंडात कोंबून रडले.

डॉक्टर तरुण होते. ते आले, खाटेपाशी उभे राहून बघत राहिले आणि भावजींना म्हणाले, "हा गेम यांच्या हातातून काढू नका. अंगठा आपणहून हलतोय, याच्यापेक्षा चांगलं औषध माझ्याकडे नाही. दिवाळीपर्यंत हात जितका मोकळा होईल तितका होईल. नंतर आखडला की तसाच राहायचा."

इतकं स्पष्ट. यात न समजण्यासारखं काय होतं ते मला आजही कळलेलं नाही.

आम्ही घरी निघालो तेव्हा चन्नम्मानं डबा अक्काच्या पिशवीत घातला. "न्या की हो. माझा मुलगा दिवाळीला दुसरा आणतोय, दोन काचांचा. ह्याचं काय द्यायचं ते द्या, न्हाय दिलं तरी चालतंय."

भावजींनी डबा पिशवीतून काढला, उलटासुलटा करून बघितला, कानाशी धरून हलवला. "दोन काचांचा निघालाय म्हंता? मग हा जुना कशाला घ्यायचा? दिवाळीला नवाच घेऊ की."

"मग तवर हा राहू द्या त्यांच्याकडं. नवा आला की परत पाठवा."

"वापरलेलं, मागून आणलेलं आमच्या घराला शोभत न्हाय, बाई. तुमच्या पोराला सांगा, आमच्यासाठी एक नवा आणायचा. थांबल्यानं काय बिघडतंय? वस्तू काय पळून चाललीय का?"

आणि त्यांनी तो डबा चन्नम्माच्या खाटेवर ठेवून दिला. चन्नम्मा माझ्याकडं बघायला लागली. मी थर्मासला म्हणाले, "वस्तू न्हाय पळत रे बाबा, हात पळतोय." थर्मासनं ऐकलं. भावजींनीही ऐकलं असणार, कारण त्यांनी खाकरून खिडकीबाहेर पिंक टाकली. एसटीत अक्का खिडकीशी बसली होती. रस्ताभर तिचा अंगठा मांडीवर हलत होता, हळूहळू, नसलेलं बटण दाबत. गाव येईपर्यंत तो थांबला.

घरी आल्यावर मी यजमानांच्या मागं लागले, उमरग्याला जा आणि तो डबा घेऊन या. ते म्हणाले, "दादाच्या शब्दाबाहेर कसं जाऊ?" त्यांचाही मला तेव्हा वीट आला होता, पण तो वेगळा विषय. त्यांनी एवढं केलं की भावजींपाशी गोष्ट काढली. मग काय, मीटिंग.

पोळ्याच्या आधीची ती संध्याकाळ मला अजून डोळ्यांसमोर दिसते. भावजी बाजेवर, काडीनं कान कोरत. काडीवर जे निघेल ते बघायचे आणि बाजेच्या कडेला पुसायचे. त्याच बोटानं पुन्हा तंबाखू. अक्काला भिंतीला टेकवून बसवली होती.

"विषय," भावजी म्हणाले, "गेम आत्ता घ्यायचा का थांबायचं. महारुद्र, बोल."

"आत्ता घ्यावा म्हंतो मी. डॉक्टर म्हणलेत."

"डाक्टर काय दुकान लावून बसलाय का? आत्ता घेतला आन् दिवाळीला नवा निघाला तर जुन्याला कोण इचारतंय? माझी सूचना हाय, थांबावं. आत्ता घ्यायचा म्हणणाऱ्यांनी हात वर करा."

यजमानांनी हात वर केला. मी पदराआडून केला, पण सुनेचं मत त्यांच्या हिशेबी नव्हतंच. अक्कानं भिंतीला डोकं टेकलं, डोळे मिटले. उजवा खांदा थरथरला. हात मांडीवरून सुटला आणि छातीपर्यंत आला. तिथं लटलट कापत राहिला. दवाखान्यातून आल्यापासून तो एवढा वर कधी आला नव्हता.

भावजींनी बघितलं. "हात वर पायजे," ते म्हणाले. "अर्ध्या हाताचं मत धरत न्हाईत."

हात खाली पडला. "विषय तहकूब," म्हणून ते उठले आणि जाता जाता त्यांनी ढेकर दिली. त्या ढेकरेचा वास अजून माझ्या नाकात आहे. माणूस दुष्ट असला तर त्याच्याशी भांडता तरी येतं. हे दुष्टही नव्हते. यांना आपण मोठी अक्कलहुशारी करतोय असं मनापासून वाटत होतं. त्याचीच मला जास्त किळस यायची.

मग पितृपंधरवडा आला. त्यात नवीन वस्तू घ्यायची नाही. तो अर्धा होतो तोच तुळजापूरला आई भवानी पलंगावर निजते, ती घटस्थापनेला उठते. देवी निजलेली असताना आमच्या घरात गादी-उशी वापरायची नाही आणि दारातून नवी चीज आत आणायची नाही, असा नेम. भावजींना तर रानच मोकळं मिळालं. नेमाला धरून अक्काच्या खालची गादीसुद्धा काढायला निघाले होते. तेव्हा मी पहिल्यांदा भांड्याला न बोलता सरळ बोलले. म्हणाले, "गादीला हात लावाल तर मी तुळजापूरला जाऊन देवीला उठवीन." गादी राहिली. पण गेम काही आला नाही. देवी उठली, नऊ दिवस बसली, सीमोल्लंघन झालं. मी अक्काच्या हातात चेंडू द्यायचे, गहू निवडायला द्यायचे, पाच चिंचोके आणून तळहातावर ठेवले. चिंचोके घरंगळून खाली गेले की ती मान फिरवायची. त्यांच्यात पडू नये असं वाटण्यासारखं काही नव्हतं. बोटं रोज जरा जरा आत वळत होती. अंगठा सगळ्यात आधी आत गेला, बाकीची बोटं त्याच्यावर मिटली.

दिवाळीला चन्नम्माच्या मुलानं ट्रकवाल्याच्या हाती गेम पाठवला. दोन काचांचा, पुस्तकासारखा उघडणारा, लालभडक. बटणंही जास्त. भावजींनी तो ओवाळायच्या ताटात ठेवला, हळद-कुंकू लावलं आणि अक्कापुढं धरला.

"घे. थांबलो म्हणून असला मिळाला का न्हाय? खेळ आता."

अक्कानं आपली मूठ बघितली. मी ती उघडायला गेले तर ती कळवळली. नखं तळव्यात रुतत होती म्हणून मी मुठीत जुन्या लुगड्याची चिंधी घालून ठेवायचे, ती ओलसर, आंबूस झाली होती. भावजींनी तिच्याकडं बघून नाक मुरडलं.

"एवढं आणून दिलंय आन् हिला खेळायचंच न्हाय," असं म्हणून त्यांनी डबा खिशात घातला.

तेव्हापासून तो संस्थेत असायचा. संचालक मंडळ त्याच्याभोवती गोळा व्हायचं. एक खेळायचा, बाकीचे तंबाखूची तोंडं उघडी टाकून बघायचे. माश्या कॅनवर बसायच्या, दुधाला आंबूस वास सुटायचा आणि आतून टिक टिक ऐकू यायचं. मीटिंग आता त्या डब्यापायी तहकूब व्हायला लागल्या. भावजी रात्री घरी आले की बाजेवर पडून खेळायचे. त्यांचा अंगठा काय चपळ चालायचा! भिंतीपाशी पडलेली अक्का तो अंगठा बघत असायची.

माघात संस्थेची निवडणूक लागली. दुधातल्या पाण्याची तक्रार तालुक्याला पोचली होती, भावजींना उभं राहायला बंदी आली. मग त्यांना आठवलं, एक जागा बायकांसाठी राखलेली आहे आणि एक म्हैस अक्काच्या नावावर आहे. अक्का निवडून आली की कारभार यांचाच. विरोधी पार्टी काही दूधखुळी नव्हती. बाईचा अंगठा बाईच्याच हाताचा आहे हे साहेबांनी स्वतः बघावं, असा त्यांनी अर्ज दिला. म्हणून अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी निवडणुकीचे साहेब शाईची डबी घेऊन आमच्या अंगणात आले. मागं विरोधी पार्टीची माणसं, पुढं भावजी, धुतलेलं धोतर नेसून.

साहेब अक्कापुढं उकिडवे बसले. "बाई, अर्ज तुमच्या मर्जीनं आहे ना? द्या, उजवा अंगठा द्या."

अक्कानं मूठ पुढं केली. साहेबांनी ती बघितली, चिंधी बघितली आणि हात मागं घेतला. "अंगठा कुठाय?"

"आत हाय," अक्का म्हणाली.

भावजी खाली बसले आणि मूठ उघडायला लागले. अक्का विव्हळली. साहेब म्हणाले, "अहो, राहू द्या, राहू द्या. डावा चालेल."

"डावा दे," भावजी म्हणाले. "लवकर. साहेबांना टाइम न्हाय."

अक्काचा डावा हात चांगला होता. त्या हातानं ती जेवायची, वेणी सोडायची, माझ्या पाठीवरून फिरवायची. तो हात तिनं उचलला. भावजींनी शाईची डबी पुढं सरकवली. अक्कानं तो हात हळूच पदराखाली घेतला आणि काखेत दाबून धरला.

"हा विषय," ती म्हणाली. तिचं बोलणं जड होतं, पण अंगणात सगळ्यांना ऐकू गेलं. "हा विषय पुढल्या मीटिंगला ठिवा."

"आगं, काय बोलतीस? आज शेवटचा दिवस हाय!"

"थांबल्यानं काय बिघडतंय?"

विरोधी पार्टीतलं कुणीतरी फिस्सकन हसलं. भावजींच्या मानेवरच्या शिरा फुगल्या. ते आधी ओरडले, मग समजूत घालायला लागले आणि शेवटी, माझ्यादेखत, त्या माणसानं अक्कापुढं हात जोडले. ओठावर तंबाखूचा थेंब आणि हात जोडलेले. मी तोंड फिरवलं. अक्का भिंतीकडं बघत होती. तिचा हात पदराखालून बाहेर आला नाही. साहेबांनी घड्याळ पाहिलं, डबी बंद केली, टोपी घातली. "त्यांची मर्जी नाही," एवढं म्हणून ते गेले. भावजींनी खिशातला गेम काढून अंगणात आपटला आणि मोटारसायकलला लाथा मारत मारत ती चालू करून निघून गेले.

अंगण रिकामं झालं. अक्का म्हणाली, "तारे, त्यो डबा आण गं."

वरच्या काचेला तडा गेला होता, पण खालची माणसं हलत होती. मी तो तिच्या मांडीवर ठेवला. डावीकडची बटणं तिनं घेतली, उजवीकडची मी. आम्हाला जमलं नाही, सारखं टूं टूं होत होतं. त्या काचेवर भावजींच्या तंबाखूच्या बोटाचा डाग होता. मी तो पदरानं पुसला, थुंकी लावून पुसला, तरी तो काही गेला नाही.